हवेवर तोललेली मोटार : दोष, निदान आणि दुरुस्ती

रात्री चारही चाकांवर समतोल उभी केलेली मोटार सकाळी पाहावी तो एका कोपऱ्याने खाली बसलेली, चाक मडगार्डाच्या कमानीत अर्धेअधिक दडलेले, आणि इंजिन सुरू करताच गाडीच्या पोटाखालून कसलीशी दीर्घ घरघर ऐकू येणारी, हे दृश्य पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या बलूनवर तोललेल्या गाड्यांच्या मालकांस काही वर्षांच्या वापरानंतर पुष्कळदा पाहावे लागते. मालक घाबराघुबरा होऊन गाडी गॅरेजात नेतो. तेथे घाईने पाहणी होऊन कॉम्प्रेसर गेल्याचा निर्णय दिला जातो. नवा कॉम्प्रेसर बसतो, मोठी रक्कम मोजली जाते, गाडी काही आठवडे सरळ उभी राहते, आणि मग एके दिवशी तीच कैफियत घेऊन मालक पुन्हा त्याच दाराशी हजर होतो. असे वारंवार घडते याचे कारण या यंत्रणेच्या स्वभावातच आहे. हवेच्या सस्पेन्शनमध्ये जो भाग शेवटी बंद पडतो तो बहुधा मूळ दोषी नसतो. दुसऱ्याच कोणाच्या अपराधाची शिक्षा भोगून तो थकलेला असतो. म्हणून या यंत्रणेची दुरुस्ती पान्यापक्कडीपेक्षा विवेकाचे काम अधिक आहे, आणि तो विवेक कसा चालवावा हे यंत्रविद्येचा अभ्यास नसलेल्या वाचकासही समजण्यासारखे आहे.

मुळात पोलादासारखा भरवशाचा धातू हाताशी असता हवेच्या नादी लागण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न रास्त आहे. पाट्यांची कमान असो की वेटोळ्यांची स्प्रिंग असो, तिचा ताठरपणा कारखान्यात एकदा ठरला की ठरला. रिकामी मालमोटार खड्ड्यांतून उड्या मारीत जाते आणि तीच मालमोटार भरली म्हणजे संथपणे डोलत जाते, याचे कारण असे की भरलेल्या ओझ्यासाठी ताठ केलेले पाटे रिकाम्या गाडीस फाजील ताठ पडतात. प्रवासी मोटारीचा सांगाडा सेकंदास एक ते दीड वेळा वरखाली झुलावा, इतपत मृदुता मानवी देहास सुखावह वाटते. परंतु पोलादी स्प्रिंगेवर ही गती भारागणिक बदलते, आणि शिवाय भार वाढला की गाडी खाली दबते ती दबतेच. हवेचे तसे नाही. बंदिस्त हवेवर भार वाढला आणि गाडीची उंची पूर्ववत् राखण्यापुरती आणखी हवा आत सोडली, तर दाबाबरोबर त्या हवेचा ताठरपणाही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो. परिणामी गाडीत एकटा चालक बसलेला असो की पाच माणसे आणि त्यांचे सामान असो, सांगाड्याच्या झुलण्याची लय साधारण तीच राहते आणि उंचीही ढळत नाही. हा गुण पोलादाच्या अंगी नाही, आणि त्यासाठीच गेली सव्वाशे वर्षे अभियंते हवेच्या मागे लागलेले आहेत.

वाहनासाठी हवेच्या स्प्रिंगेचे एकस्व अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज यांनी १९०१ साली मिळविले. पुढे फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए यांनी स्प्रिंगांविना चालणाऱ्या मोटारी बांधल्या. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या बसगाड्यांनी हवेचे बलून स्वीकारले, आणि तेथे ते टिकले. मोटारीत मात्र प्रारंभ अपयशाने झाला. १९५७ साली कॅडिलॅकने १३,०७४ डॉलर किमतीची एल्डोराडो ब्रॉम ही गाडी हवेच्या सस्पेन्शनसह बाजारात आणली. परंतु तिच्या नळ्यांतून हवा गळू लागली, झडपा अडकू लागल्या, आणि अनेक मालकांनी ती सर्व यंत्रणा उपटून काढून तिच्या जागी साध्या वेटोळी स्प्रिंगा बसवून घेतल्या. पुढील वर्षी इतर गाड्यांत ऐच्छिक म्हणून दिलेली तशीच योजना अमेरिकी कंपन्यांनी अल्पकाळातच गुंडाळून ठेवली. जर्मनीत मर्सिडीजने १९६१ साली ३००-एसई या गाडीत ती यशस्वीपणे आणली. तथापि यांत्रिक झडपांच्या जागी विद्युत् झडपा आणि संगणक आल्यावाचून ही कल्पना मोटारीत सुस्थिर होणार नव्हती. १९८४ ची लिंकन मार्क-सात, १९९० नंतरच्या दशकातील रेंज रोव्हर आणि १९९८ ची मर्सिडीज एस-क्लास हे त्या वाटचालीतील टप्पे होत.

महाराष्ट्रातील वाचकास हा अनुभव अगदी परका नाही. २००१ पासून व्होल्वोच्या बसगाड्या भारतीय रस्त्यांवर धावू लागल्या, आणि एस. टी. महामंडळाच्या शिवनेरीतून मुंबई–पुणे प्रवास करणाऱ्या सामान्य माणसास आपण हवेच्या बलूनवर बसून घाट उतरत आहो याची जाणीव नसली तरी त्याचे सुख मिळतच होते. चाकणच्या कारखान्यात एस-क्लासची जुळणी होते. टाटांनी २००८ साली घेतलेल्या जग्वार लँड रोव्हर कंपनीच्या रेंज रोव्हर गाडीची जुळणी २०२४ पासून पुण्यात होऊ लागली. या गाड्या आता जुन्या बाजारातही पुष्कळ येतात, आणि नव्या गाडीच्या किमतीच्या अंशमात्र रकमेत त्या घेणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्याच नशिबी सस्पेन्शनची पहिली मोठी दुरुस्ती बहुधा लिहिलेली असते.

दोष ओळखण्यापूर्वी निरोगी यंत्रणेचा कारभार कसा चालतो ते पाहणे अवश्य आहे. विजेच्या मोटरीवर चालणारा लहानसा कॉम्प्रेसर बाहेरची हवा गाळणीतून ओढून घेतो व दाबतो. दाबलेली हवा तापते, आणि तिच्यातील बाष्प पाणी होऊन साचण्याचा संभव असतो. म्हणून ती हवा आर्द्रताशोषक दाण्यांनी भरलेल्या एका नळकांड्यातून, म्हणजे ड्रायरमधून, पुढे सोडतात. तेथून ती झडपांच्या ठोकळ्यात येते. या ठोकळ्यात प्रत्येक चाकासाठी एक आणि पुष्कळ गाड्यांत राखीव टाकीसाठी एक अशा विद्युत् झडपा असतात. संगणकाचा हुकूम होईल तीच झडप उघडते आणि बारीक प्लास्टिकच्या नळीतून हवा त्या त्या चाकावरच्या बलूनमध्ये जाते. बलून म्हणजे धाग्यांचे अस्तर घातलेल्या रबराची बाही. ती खालच्या नळकांड्यावर मोज्यासारखी उलटी वळलेली असते, आणि चाक वरखाली होताना तिची घडी त्या नळकांड्यावरून सरकत राहते. प्रत्येक चाकाजवळ, किंवा काही गाड्यांत पुढे दोन व मागे एक, असे उंचीचे सेन्सर असतात. सस्पेन्शनच्या दांड्यास छोट्या दुव्याने जोडलेला त्यांचा हात ज्या कोनात फिरेल त्यावरून संगणकास गाडीची उंची कळते. उंची कमी भरली की हवा आत, अधिक भरली की हवा बाहेर, एवढाच या राज्याचा कायदा आहे. बाहेर जाणारी हवा ड्रायरमधूनच उलट्या दिशेने सोडतात, जेणेकरून ती सुकी हवा शोषक दाण्यांतील ओलावा सोबत घेऊन जाते आणि ड्रायर पुन्हा कामास लायक होतो. ही शेवटची तजवीज ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

या सर्व खटाटोपात दाब किती असतो याचा अंदाज एका साध्या हिशेबाने येतो. एका चाकावर ५६० किलोग्रॅम भार आहे आणि तो तोलणाऱ्या बलूनचे कार्यकारी क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला ७ किलोग्रॅम दाब हवा. माणसे आणि सामान येऊन भार ६८० किलोग्रॅम झाला तर हाच दाब ८.५ होतो. टायरवाला ज्यास ३२ ची हवा म्हणतो तो दाब सव्वादोन किलोग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे टायरच्या तिप्पट-चौपट दाबाची हवा दिवसरात्र, वर्षानुवर्षे, एका घडी पडणाऱ्या रबरी बाहीत, डझनभर सांध्यांत आणि अर्धा डझन झडपांत कोंडून ठेवावयाची आहे. अशी व्यवस्था सर्वस्वी निश्छिद्र राहील ही अपेक्षा व्यर्थ होय. किंचित् गळती गृहीत धरूनच तिचा कॉम्प्रेसर ठरविलेला असतो. प्रश्न येतो तो ही गळती मर्यादा ओलांडते तेव्हा.

आणि येथेच आपण सुरुवातीस उल्लेखिलेल्या मूळ मुद्द्याशी येतो. मोटारीतील हा कॉम्प्रेसर अखंड चालण्यासाठी बनविलेला नसतो. मिनिट-दोन मिनिटे चालावे आणि थंड व्हावे, हा त्याचा धर्म. समजा, पुढच्या उजव्या बलूनच्या घडीत रबरास केसाएवढ्या भेगा पडल्या. प्रथम काहीच जाणवत नाही, कारण रात्री गेलेली हवा सकाळी कॉम्प्रेसर निमूटपणे भरून काढतो. भेगा वाढतात तसा त्याचा कामाचा वेळ वाढतो. पिस्टनची कडी झिजते, त्यामुळे दाब चढण्यास आणखी वेळ लागतो, त्यामुळे उष्णता वाढते. दुसरीकडे, भेगेतून जाणारी हवा ड्रायरमधून परत जात नाही. सबब शोषक दाण्यांचा ओलावा निघून जाण्याचा मार्गच बंद होतो, दाणे भिजून भुगा होतात, आणि ती पांढरी पूड झडपांच्या बैठकीवर जाऊन बसते. मग निरोगी झडपाही गळू लागतात. शेवटी कॉम्प्रेसरला वीज देणारा रिले वारंवारच्या चालू-बंदीने पोळून चिकटतो, कॉम्प्रेसर थांबेनासा होतो आणि जळतो, किंवा फ्यूज उडतो. एका रबरी भेगेने वर्षभरात चार भाग निकामी केले, आणि गाडी गॅरेजात आली तेव्हा सर्वांस दिसला तो मात्र जळालेला कॉम्प्रेसर. सोसायटीच्या गच्चीवरील टाकी तळाशी गळत असता रोज नवा पंप बसविणाऱ्या चिटणिसाचे जसे हसे होईल, तसेच येथे गळती न शोधता कॉम्प्रेसर बदलणाऱ्याचे होते. फरक इतकाच की येथे हसण्याऐवजी मालकास पैसे मोजावे लागतात.

तपासाची पहिली पायरी म्हणजे गाडीचा मालक. गाडी किती वेळात बसते, कोणता कोपरा आधी बसतो, थंडीत की पावसात, भरलेली असता की रिकामी असता, या प्रश्नांची नीट घेतलेली जबानी यंत्राने काढलेल्या कोणत्याही अहवालाइतकी मोलाची असते. त्यानंतर सपाट जमिनीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतची उंची पट्टीने मोजून कागदावर लिहावी, आणि रात्र उलटल्यावर तीच मापे पुन्हा घ्यावीत. चाकाच्या मध्यापासून मोजण्याचे कारण असे की टायरमधील हवेच्या फरकाने फसगत होऊ नये. दहा रुपयांच्या टेपने होणारी ही परीक्षा पुष्कळ गॅरेजांत वगळली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

या मापांचा अर्थ लावताना काही मुद्दे ध्यानी धरावेत. एकच कोपरा बसला तर त्या चाकाचा बलून, त्याची नळी, नळीचे सांधे किंवा ठोकळ्यातील त्याची झडप, एवढ्यांपुरताच संशय मर्यादित होतो. चारही कोपरे सारख्या प्रमाणात किंचित् खाली आले आणि रात्र थंड असली, तर बहुधा दोष कोणाचाच नसतो. दुपारच्या ३५ अंशांवरून पहाटेच्या १० अंशांवर आलेली हवा सुमारे आठ टक्के आकसते, आणि नाशिककडील हिवाळ्यात तेवढ्यावरूनही गाडी थोडी बसलेली दिसते. गाडी वाकडी उभी आहे परंतु रात्रीतून तिच्या मापांत काडीचाही फरक पडत नाही, अशी स्थिती असेल तर गळतीचा विचार सोडून उंचीच्या सेन्सरकडे वळावे. त्याचा दुवा तुटला, गंजून अडकला किंवा कोणी अयोग्य भोकात बसविला, म्हणजे संगणक वाकड्यालाच सरळ समजून गाडी निष्ठेने तशी उभी ठेवतो. गळती काळाबरोबर वाढते आणि सेन्सरची चूक स्थिर राहते, हा भेद तपासाच्या मुळाशी आहे.

याहून एक सूक्ष्म फसवणूक काही गाड्यांत, विशेषतः लँड रोव्हरच्या काही गाड्यांत, संभवते. इंजिन बंद असतानाही त्यांचा संगणक अधूनमधून जागा होऊन चारही उंची तपासतो, आणि एखादा कोपरा बसलेला आढळला तर गाडी वाकडी दिसू नये म्हणून उरलेल्या तिघांतील हवा सोडून त्यांनाही त्याच पातळीस आणतो. सकाळी पाहावे तो गाडी चारही बाजूंनी बसलेली, आणि गुन्हेगार कोपरा निर्दोष शेजाऱ्यांत बेमालूम मिसळलेला. अशा वेळी रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवावा. संगणकास जागे होता आले नाही म्हणजे जो कोपरा खरोखर गळतो तोच तेवढा सकाळी खाली येतो.

संशयित कोपरा ठरल्यावर साबणाचे पाणी घ्यावे. सायकलच्या ट्यूबपासून गॅसच्या शेगडीपर्यंत सर्वत्र चालणारा हा उपाय येथेही अव्वल ठरतो. झारीने फवारलेले पाणी नळीच्या टोकांवर, झडपांच्या ठोकळ्यावर आणि बलूनच्या घडीवर सोडून बुडबुड्यांची वाट पाहावी. सूक्ष्म गळतीत बुडबुडे येण्यास काही मिनिटे लागतात, म्हणून घाई करू नये. मात्र एक पथ्य आवश्यक आहे. बलूनची भेग घडी पडण्याच्या जागी असते आणि ती घडी गाडीच्या उंचीबरोबर सरकते. त्यामुळे गाडी नेहमीच्या उंचीवर असताना बंद असलेली भेग गाडी वर उचलल्यावर उघडी पडते, किंवा याच्या उलटही होते. जॅकवर चाके लोंबत ठेवून साबण फवारला आणि काही दिसले नाही म्हणून बलूनला निर्दोषत्वाचा दाखला देणे, हा अपुरा तपास होय. परीक्षा चाकांवर उभ्या गाडीची, आणि शक्य तर सर्व उंचींवर व्हावी. बलून स्वच्छ, नळी स्वच्छ, सांधे स्वच्छ, तरीही कोपरा बसतोच, असे ठरल्यावर झडपांच्या ठोकळ्याकडे बोट दाखवावे. आपल्याकडे नळ्यांची विशेष पाहणी करण्यास आणखी एक कारण आहे: दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाड्यांत शिरून उंदीर जसे वायर कुरतडतात तशाच या प्लास्टिकच्या नळ्याही कुरतडतात.

कॉम्प्रेसरची पाळी यानंतर येते. तो सुरूच होत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग मोटरीपर्यंत पुरेशी वीज पोचते की नाही, या क्रमाने पाहावे. सुरू होतो पण दाब चढत नाही असे असेल, तर हवा ओढण्याची गाळणी तुंबली आहे काय, ड्रायरमध्ये पांढरी पूड झाली आहे काय आणि हवा सोडण्याची झडप पूर्ण मिटते काय हे तपासल्यावरच पिस्टनच्या झिजेचा निष्कर्ष काढावा. स्कॅनर जोडून दोषांचे सांकेतिक क्रमांक वाचणे अगत्याचे आहेच. परंतु तो क्रमांक म्हणजे निकाल नव्हे, केवळ फिर्याद होय. कॉम्प्रेसर अतितप्त झाला असे स्कॅनर सांगतो. तो का तापला हे सांगत नाही. ठरावीक वेळात उंची गाठता आली नाही असे स्कॅनर सांगतो. हवा भरली गेली नाही की भरलेली निसटली, हे ठरविण्याचे काम माणसाचे. स्कॅनरचा खरा उपयोग सर्व सेन्सरांचे प्रत्यक्ष आकडे पाहण्यात आणि एकेक झडप हुकुमाने उघडून-मिटून तपासण्यात आहे, आणि त्या उपयोगाकडेच बहुधा दुर्लक्ष होते.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी जिवाच्या सुरक्षिततेविषयी दोन शब्द स्पष्ट सांगितले पाहिजेत. हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली, ती कितीही उंच दिसत असली तरी, कोणीही जाऊ नये. एक सांधा निसटला की ती क्षणात खाली येते. गाडी उचलण्यापूर्वी यंत्रणेस जॅकच्या स्थितीत टाकण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते ती वापरावी, गाडी पक्क्या घोड्यांवर ठेवावी, आणि कोणताही सांधा सोडण्यापूर्वी त्या भागातील हवा रीतसर सोडून द्यावी.

बलून बदलण्याच्या कामात कौशल्यापेक्षा शिस्तीचा कस लागतो. पुष्कळ गाड्यांत पुढचा बलून आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच नळकांड्यात असल्याने ते दोन्ही एकदमच बदलावे लागतात. मागे पुष्कळदा नुसता बलून वेगळा मिळतो. नळीचे टोक धारदार पात्याने अगदी काटकोनात कापावे, सांध्याची जुनी रिंग पुन्हा वापरू नये. सर्वांत मोठी चूक होते ती शेवटी. नवा बलून बसविल्यावर त्यात हवा भरण्याआधीच गाडी जॅकवरून खाली सोडली, तर रिकामी बाही वेडीवाकडी दुमडते, चिमटते आणि पहिल्याच दिवशी फाटते. म्हणून चाक लोंबत असतानाच थोडी हवा भरून घडी नीट पडली आहे हे पाहावे, आणि मगच भार द्यावा. एका बाजूचा बलून वयोमानाने गेला असेल तर दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा आहे हे विसरू नये. दोन्ही जोडीने बदलणे अंती स्वस्त पडते. कॉम्प्रेसर खरोखरच गेला असल्यास त्याच्यासोबत रिलेही नवा घालावा, ड्रायर त्याचाच भाग नसेल तर तोही बदलावा, आणि नळ्यांत पूड गेली आहे काय हे पाहावे. लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी-तीन या गाडीत मूळ हिताची कंपनीच्या कॉम्प्रेसरऐवजी पुढे एएमके कंपनीचा कॉम्प्रेसर देण्यात येऊ लागला. तो बसविताना संगणकातील आज्ञावलीही बदलावी लागते, आणि ते न केल्यास नवाकोरा भागही सदोष भासतो. सेन्सर किंवा संगणक काढघाल केल्यावर उंचीची मापे नव्याने नोंदविणे आवश्यक असते. अन्यथा गाडी कायमची तिरकी राहते, टायर एकांगी झिजतात आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

या सर्व कटकटीस कंटाळून काही मालक कॅडिलॅकच्या त्या मालकांचाच मार्ग पत्करतात आणि बलून काढून पोलादी स्प्रिंगा घालतात. या मार्गास सरसकट निषिद्ध मानण्याचे कारण नाही. जुन्या गाडीचे उरलेले मोल एका दुरुस्तीपेक्षा कमी असेल, तर हिशेबी माणसाने तसे करणे समजण्यासारखे आहे. परंतु त्याने काय गमावले हेही त्यास ठाऊक असावे: भारागणिक सावरणारी उंची जाते, खडकाळ वाटेवर गाडी उचलण्याची सोय जाते, गाडीच्या वळण्यात आणि थांबण्यात जो तोल कारखान्याने साधलेला असतो तो बिघडू शकतो, आणि संगणकास निव्वळ गप्प बसवून धोक्याचा दिवा विझवला असेल तर पुढील मालकाची दिशाभूल होते.

देखभालीविषयी थोडक्यात सांगावयाचे तर कोकणातील दमट हवा ड्रायरची, घाटातील आणि खडीच्या रस्त्यावरील धूळ बलूनच्या घडीची, व पावसाळ्यातील चिखल सेन्सरच्या दुव्यांची शत्रू आहे. घडीत अडकलेली खडी रबरास कानसेसारखी झिजवते; ती घडी साध्या पाण्याने हलके धुवावी, जवळून तीव्र दाबाचा फवारा मारू नये, आणि तेल किंवा डिझेल लावून चकाकी आणण्याचा मोह टाळावा, कारण तेलाने रबर फुगते. कॉम्प्रेसर पूर्वीपेक्षा अधिक वेळ चालतो असे कानास जाणवले, तर तोच पहिला इशारा समजावा. बसलेली गाडी तशीच हाकीत नेऊ नये. त्यात टायर, मडगार्ड आणि रिकामा बलून या तिघांचीही हानी होते. गाडी उचलून नेणारे वाहन मागविणे खर्चाचे वाटले तरी अंती फायद्याचे ठरते.

ही यंत्रणा महाग आहे आणि नाजूक आहे. परंतु ती अप्रामाणिक नाही. बिघाडाची वर्दी ती आठवडेच्या आठवडे आधी देत असते, आणि तिचा प्रत्येक दोष मोजता, ऐकता किंवा बुडबुड्यांच्या रूपाने पाहता येतो. म्हणून मालकाने कॉम्प्रेसरची रक्कम देण्यापूर्वी गॅरेजवाल्यास एकच प्रश्न विचारावा: हवा कोठून जाते ते मला दाखवा. जो मिस्त्री साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन ती जागा दाखवील, त्याच्या हाती गाडी निर्धास्त सोपवावी. आणि जो ती न दाखविताच भागांची यादी पुढे करील, त्याच्या दारातून, बसलेली का होईना, गाडी परत न्यावी.